बॅलरॅटसाठी चौथं माणूस

मी अंधश्रद्धा मानत नाही. फक्त मोडत नाही. शनिवारी नखं कापत नाही, निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारत नाही, आणि निघताना कोणी शिंकलं तर दोन मिनिटं उगाच चपला शोधत बसते. त्यामुळे बॅलरॅटच्या सहलीत जे झालं त्याचं सगळं खापर सासूबाईंवर फोडणं मला शोभणार नाही. सुरुवात मात्र त्यांनीच केली होती.

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे मेलबर्नजवळ वेरिबीला तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सासरे गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. आल्या दिवसापासून त्यांचं एकच टुमणं होतं, इंग्लंड बघायचंय. मेलबर्नहून इंग्लंड पुण्यापेक्षाही लांब पडतं हे माझ्या नवऱ्याने त्यांना फोनवरच्या नकाशात दाखवलं, तर म्हणाल्या, “नकाशा तुझ्या फोनमधला, तू दाखवशील तसाच दिसणार.” शेवटी त्याने तोडगा काढला.

“आई, आपण बॅलरॅटला जाऊ. ट्रेनने दीड तास. सोनं सापडलं तेव्हा इंग्रजांनी बांधलेलं शहर आहे. तसाच टाऊन हॉल, तसेच टॉवर, थंडीसुद्धा तशीच. इंग्लंडच समज.”

सासूबाईंनी जरा विचार केला. “व्हिसा लागत नाही ना? मग चालेल.”

शुक्रवार ठरला. आम्ही दोघांनी सुट्ट्या टाकल्या. लेकीला विचारलं, तर तिने फोनमधून मान वर न करता ‘आय हॅव युनी, आजी’, म्हणजे कॉलेज आहे, एवढंच सांगितलं. आणि इथेच घोडं अडलं, कारण लेक वजा केल्यावर आम्ही उरलो तिघं.

तिघांनी मिळून कुठल्या कामाला निघायचं नसतं. तीन तिघाडा, काम बिघाडा. त्यावर आमच्या घरात उपायही ठरलेला आहे. चौथं म्हणून एक खडा नाहीतर सुपारी बरोबर घ्यायची, म्हणजे वरून जो कोणी मोजत असेल त्याला चार भरल्यासारखे वाटतात. माझं लग्न झाल्यावर सासू-सासऱ्यांबरोबर मी नुसती साडी बदलून आणायला गेले होते, तेव्हाही सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात सुपारी होती. मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर सवय झाली.

म्हणून मी म्हटलं, “आई, सुपारी घेऊ ना एक. पूजेच्या डब्यात आहे.”

“जिवंत माणूस मिळत असताना सुपारी कशाला?” सासूबाई म्हणाल्या आणि चपला घालून मागच्या अंगणात कुंपणाकडे गेल्या.

कुंपणापलीकडे आमच्या शेजारीणबाई राहतात. एकोणऐंशी वर्षांच्या. जन्म इंग्लंडचा, दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर बोटीने इकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. नवरा गेल्यापासून एकट्या. कचऱ्याची गाडी येऊन गेली की आमचे डबे त्याच आत ओढून ठेवतात, कारण आम्ही विसरतो. झाडाला लिंबं लागली की पिशवीभर आमच्या दाराशी आणून ठेवतात. त्यावर मी ‘थँक्यू सो मच, वुई मस्ट कॅच अप’ म्हणते. हे मी चार वर्षं म्हणत आले होते.

सासूबाईंचं इंग्रजी दहा-बारा शब्दांचं. पण त्यांनी ते कधी कमी पडू दिलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं: “यू कम. फ्रायडे. ट्रेन. इंग्लंड.”

शेजारीणबाईंना त्यातून काय कळलं देव जाणे. पण संध्याकाळी त्या दाराशी हजर, हातात लिंबाचा केक. म्हणाल्या, मला कोणी ट्रेनने फिरायला चल म्हटल्याला किती वर्षं झाली तेही आठवत नाही. गुरुवारी केस सेट करून घेतेय, तुम्हाला माझ्याबरोबर हिंडायला लाज वाटायला नको. आणि मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, “तुमच्या सासूबाईंनी मला का बरं बोलावलं? शी हार्डली नोज मी.”

खरं सांगायची वेळ हीच होती. मी म्हटलं, “त्यांना तुमची सोबत हवी होती.”

खोटं बोलायला मला एक सेकंदही लागला नाही. त्यावर त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला तो केक घशाखाली उतरेना. उतरला, पण कष्टाने. त्या घटकेपासून मला एकच धास्ती होती: या बाईंना आपण सुपारीच्या ऐवजी नेतोय हे त्यांना कळता कामा नये.

शुक्रवारी आम्ही चौघं वेरिबीहून ट्रेनने मेलबर्नच्या सदर्न क्रॉसला आलो. शेजारीणबाईंनी निळा कोट घातला होता आणि केस जागचे हलत नव्हते. सासूबाईंनी साडीवर दोन स्वेटर, मोज्यांवर सॅंडल आणि डोक्याला मफलर असा जामानिमा केला होता. बॅलरॅटच्या गाडीला पंधरा मिनिटं असताना नवऱ्याचा फोन वाजला. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. त्याच्या कंपनीतली कुठलीशी सिस्टिम पडली होती, आणि ती उभी करायला हाच हवा होता.

“तुम्ही तिघी जा ना,” तो म्हणाला. “एंजॉय करा.” आणि ऑफिसच्या दिशेने पळाला. तिघी हा शब्द त्याने आईसमोर उच्चारायला नको होता.

सासूबाई प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिल्या. आधी स्वतःकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग शेजारीणबाईंकडे. तीन. म्हणजे तीन होऊ नयेत म्हणून जिला आणलं तिच्यामुळेच आता तीन झालो होतो. ती नसती तर आम्ही दोघी निवांत गेलो असतो. हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी शेजारीणबाईंकडे जरा नाराजीने पाहिलं.

“मी गाडीत पाय ठेवणार नाही.”

“आई, गाडी बारा मिनिटांत सुटेल.”

“मग बारा मिनिटांत खडा शोध.”

सदर्न क्रॉस हे केवढं तरी मोठं स्टेशन आहे. वर लाटांसारखं छप्पर, खाली लखलखीत फरशी. पण खडा म्हणाल तर औषधालाही नाही. सुपारी घरी, कारण आमच्याकडे जिवंत माणूस होतं. मी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून पुढे केली.

“ती विरघळते,” सासूबाई म्हणाल्या. “अर्ध्या वाटेत परत तीनच.”

एकदा हा नियम मान्य केला की या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. मी वाकून बाकांखाली, खांबांच्या कडांना बघायला लागले.

“आपलं काय हरवलंय, लव्ह?” शेजारीणबाईंनी विचारलं.

“इअररिंग,” मी म्हटलं.

त्या माउलीने हातातली पर्स खाली ठेवली, बाकाचा आधार घेतला आणि गुडघा बदललेला असताना, कालच सेट केलेल्या केसांनिशी, सरळ प्लॅटफॉर्मवर बसकण मारली. तेवढ्यावर न थांबता स्टेशनवरच्या नारिंगी जाकिटातल्या एका दाढीवाल्या गृहस्थाला हाक मारली. त्याने आणखी एकाला बोलावलं. एका प्रवाशाने फोनचा टॉर्च लावला. सोन्याचं होतं का, कसल्या आकाराचं होतं, अशी चौकशी सुरू झाली. माझ्या तर दोन्ही कानांत दोन्ही होती. मी पाठ फिरवली आणि एक हळूच काढून पर्समध्ये टाकलं.

पाचेक मिनिटांनी दाढीवाला उभा राहिला. त्याने बूट उचलून तळ बघितला, खाचेत अडकलेलं काहीतरी किल्लीने उकरलं आणि हसत हातावर धरलं. “एवढंच सापडलं, मेट.” वाटाण्याएवढा पांढरा खडा. तो आता फेकणार, इतक्यात सासूबाईंनी तो त्याच्या तळहातावरून उचललासुद्धा.

“येस,” त्या म्हणाल्या. “धिस. थँक्यू व्हेरी मच.” आणि खडा पदराला पुसून पर्समध्ये टाकला.

सगळे सासूबाईंकडे बघत होते, मग माझ्या मोकळ्या कानाकडे. मी ‘नो वरीज’ म्हटलं. या देशात कशाही नंतर हे म्हणता येतं. मग एका हाताने शेजारीणबाईंना उठवलं, दुसऱ्या हाताने सासूबाईंना धरलं आणि गाडीत शिरले.

आम्हाला समोरासमोरच्या चार सीट मिळाल्या. गाडी सुटल्यावर शेजारीणबाई माझ्याकडे वाकल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, “तो दगड काही पवित्र वगैरे आहे का?”

“काइंड ऑफ,” मी म्हटलं.

“मग तो खाण्याच्या डब्याबरोबर पर्समध्ये असणं बरं नाही.” त्यांनी आपला इस्त्रीचा रुमाल काढला, चौथ्या सीटवर खिडकीपाशी पसरला आणि सासूबाईंकडून खडा मागून घेऊन त्यावर ठेवला. “बाहेरचं दिसेल त्याला.”

सासूबाई खूश झाल्या. “बघ. इंग्रजीण असून हिला कळतं,” असं मला सुनावलंसुद्धा. मला चार वर्षांत शेजारणीचं इतकं कौतुक करावंसं वाटलं नव्हतं, आणि आता वाटत होतं तर तोंड उघडायची सोय नव्हती.

पुढच्या एका स्टेशनवर हातात कॉफी घेतलेला एक गृहस्थ चढला. चौथ्या सीटकडे बघून त्याने विचारलं, इथे कोणी बसलंय का.

“येस,” सासूबाई म्हणाल्या. “सिटिंग.”

त्याने सीटकडे पाहिलं. रुमालावर खडा. मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघीही त्याच्याकडे शांतपणे बघत होतो. तो कॉफी सांभाळत पुढच्या डब्यात निघून गेला.

बॅकस मार्श स्टेशनच्या पुढे गाडी चढाला लागली तेव्हा सासूबाईंनी डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेजारीणबाईंच्याच लिंबांचं लोणचं. आपल्या झाडाच्या लिंबांचं आम्ही असं काही करतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि दुसरी पुरी मागितली. त्यांनी काकडीची सॅंडविच आणली होती. सासूबाईंनी एक खाल्लं आणि मला मराठीत म्हणाल्या, “आजारी माणसाला बरं आहे.” मी भाषांतर केलं, “शी सेज इट्स व्हेरी लाइट.”

बॅलरॅटला उतरलो तर वारा असा की मफलरमधूनही कान झोंबावेत. स्टेशन जुनं, त्याला खराखुरा टॉवर. मोठा रस्ता भरपूर रुंद, मधोमध झाडं आणि पुतळे, दोन्ही बाजूंना खांबांवर तोललेल्या व्हरांड्यांच्या इमारती. सासूबाई शंभर पावलं चालल्या आणि थांबल्या.

“हे तर आपलं कॅम्प.”

“आई, पुण्याचं कॅम्पही इंग्रजांनीच बांधलं ना.”

“तेच म्हणतेय. मग एवढं विमानात कशाला बसले? रिक्षाने गेले असते.”

तरी त्यांनी एकही पुतळा सोडला नाही. प्रत्येकापाशी थांबून ‘हे कोण’ म्हणून शेजारीणबाईंना विचारायच्या, जणू सगळं इंग्लंड त्यांच्या ओळखीचं. शेजारीणबाईंना एकही ओळखू येईना, पण प्रत्येक वेळी त्या पाटी वाचून दाखवायच्या. राणीच्या पुतळ्यापाशी मात्र सासूबाई स्वतःच म्हणाल्या, “ही आमच्याकडेही होती. मग काढली.” मी ते गाळून टाकलं. दोघी एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या, एक मराठीत बोलत होती, दुसरी इंग्रजीत, आणि माझ्याकडे कोणी वळून बघत नव्हतं. एका कोपऱ्यावर शेजारीणबाई थांबल्या आणि म्हणाल्या, मी लहान असताना आमच्या गावचा रस्ता असाच होता, फक्त वर आभाळ एवढं नव्हतं. सासूबाईंनी मान डोलावली. त्यांना शब्द कळले नव्हते.

दुपारी पाय बोलायला लागले तेव्हा एका जुन्या हॉटेलातल्या टी-रूममध्ये शिरलो. वाढणाऱ्या बाईने विचारलं, “टेबल फॉर थ्री?”

“फोर, ॲक्चुअली,” शेजारीणबाई हसून म्हणाल्या. दिवसभरात त्यांना या खड्याची गंमत वाटायला लागली होती. स्कोन आले, जॅम आलं, क्रीम आलं, चहाची किटली आली. मग त्यांनी सासूबाईंकडे वळून सरळ विचारलं, “आता सांगा. हे खड्याचं प्रकरण काय आहे?”

मी तोंड उघडलं. खडा कुलदैवताच्या डोंगरावरून आणलेला आहे असं सांगायचं मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं. तो मेलबर्नच्या कर्मचाऱ्याच्या बुटातून निघालेला त्यांनी स्वतः पाहिला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पण माझ्याआधी सासूबाईंनी टेबलावरचे चमचे पुढे ओढले.

“मी,” एक चमचा. “सन,” दुसरा. “शी,” म्हणजे मी, तिसरा. “थ्री. थ्री नो गुड. व्हेरी बॅड लक. फोर गुड.” त्यांनी चौथा चमचा उचलून त्या तिघांशेजारी नीट लावला आणि शेजारीणबाईंकडे बोट केलं. “सो, यू.”

मग मधला एक चमचा काढून बाजूला ठेवला. “सन गो. अगेन थ्री. सो, स्टोन.”

दहा-बारा शब्दांत इतकं स्वच्छ कोणी शिकवलेलं मी पुण्याच्या कुठल्या क्लासातही पाहिलं नाही. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. माझे कान मात्र तापले. एका कानात रिंग नव्हती, तरी दोन्ही सारखेच.

शेजारीणबाई चमच्यांकडे बघत राहिल्या. स्कोनला हात लावला नाही. मग म्हणाल्या, “म्हणजे मी दगडाच्या ऐवजी होते.”

“हो,” मी म्हटलं. सगळी खोटी कारणं संपली होती. मग मी जे सुचलं ते बोलत सुटले. सॉरी म्हटलं. चार वर्षांत तुम्हाला एकदाही चहाला बोलावलं नाही, आणि बोलावलं तेव्हा हे, याची मला लाज वाटते, म्हटलं. मला खरंच लाज वाटत होती.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्या रागावल्या नव्हत्या. पण हसतही नव्हत्या. मग सावकाश, मला सासूबाईंना सांगता यावं अशा बेताने, त्या बोलल्या.

त्यांची चार जोडप्यांची मंडळी होती. तीस वर्षं महिन्यातून एकदा कुणा ना कुणाच्या घरी जेवण, आठ खुर्च्या. नवरा गेला आणि सात उरले. पहिल्या वेळी बोलावलं, तर त्यांच्या समोरची खुर्ची रिकामी आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच. दुसऱ्या वेळी यजमानीणबाईंनी फोन करून सांगितलं, राग मानू नकोस, टेबल अवघड होतं. इट्स ओन्ली द नंबर्स, डिअर. तिसऱ्या वेळी फोनच आला नाही. याला सहा वर्षं झाली.

“सहा वर्षं मी जाईन तिथली बेरीज बिघडत आलीय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सासूबाईंची माझ्यामुळे जमली. निदान सदर्न क्रॉसपर्यंत.”

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी ओठांशी नेलेला कप खाली ठेवला.

“तिला सांग,” त्या म्हणाल्या. “हे गेल्यापासून आमच्या सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन माझ्या दारावरून पुढे जातात. शेजारच्यांची बेल वाजते, मला आतून ऐकू येते. वाईट कोणी नाही त्यांच्यात. नुसतं मला मोजत नाहीत.”

दर रविवारी मी त्यांना फोन करते. दर रविवारी त्या ‘सगळं छान’ म्हणतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी हे इंग्रजीत जमेल तसं सांगितलं, आणि हळदीकुंकू म्हणजे काय हे समजावून सांगायचं राहूनच गेलं. पण शेजारीणबाईंनी ते विचारलं नाही. त्यांनी एक स्कोन कापला, त्यावर जॅम लावलं, क्रीम घातलं आणि सासूबाईंच्या बशीत ठेवला. सासूबाईंनी खाऊन बघितला.

“क्रीमला साखर नाही,” त्या म्हणाल्या आणि सगळा संपवला.

मग हात पुसत त्यांनी मला विचारलं, “ते दुसरं कुठलं गाव म्हणत होतात तुम्ही? सोन्याचंच?”

“बेंडिगो.”

“हिला विचार, पुढच्या शुक्रवारी मोकळी आहे का.”

“आई, मला लगेच परत सुट्टी नाही मिळणार.”

“तुला कोण बोलावतंय?” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही दोघी जाऊ. तू आलीस की परत तीन होतात.”

मी तेही इमानेइतबारे भाषांतर करून सांगितलं. शेजारीणबाईंनी पर्समधून डायरी काढली, पुढचा शुक्रवार शोधला, त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

“सॉरी, लव्ह,” त्या म्हणाल्या. “इट्स ओन्ली द नंबर्स.”